गप्प सेटची पाळी

सोनईच्या शिवारात धुकं असं दाटलं होतं, की धार काढायला बसलेल्या रंगनाथला म्हशीची कास दिसत होती, शिंगं नाही. दोन सड पिळून झाले, तोवर धुक्यातून चुलतभावजय पुष्पावती आली.

"भावजी, माजी पाण्याची पाळी कुठं गेली?"

रंगनाथ सतरा वर्षं फौजेत वायरलेस सेट चालवून हवालदार म्हणून घरी आलेला. भावकीनं चार घरांच्या सामाईक विहिरीच्या पाळ्या लावायचं काम त्याच्याकडे दिलं. आज्यापासून घरटी दोन दिवस ठरलेले. रंगनाथला ते अडाणी वाटलं. फौजेत आधी प्रत्येक सेटला बोलायला ठरावीक क्षण असायचा, सेट गप्प असला तरी तो वाया जायचा. नवे सेट आले नि गप्प सेटचा क्षण ज्याच्याकडं निरोप तुंबलेत त्याला आपसूक मिळू लागला. तेच त्यानं विहिरीला लावलं. आदल्या सांजेला मोबाईलवर ज्याचा निरोप नाही, त्याचं पाणी दुसऱ्याला.

"वहिनी, निरोप न्हाई आला तुमचा. भावकीतल्या नितीनचा आलता, त्याच्या गव्हाला दिलं."

"गप्प ऱ्हायले म्हंजी मेले का काय? नातीला घिऊन नगरच्या दवाखान्यात हुते. मोबाईल घरी. कांद्याचं रोप पिवळं पडलंय, परवा लागण हाय!"

"पन नियम सगळ्यांनी..."

"नियम! तुमच्या आज्यानं विचारून न्हाई दिलती पाळी."

रंगनाथ घोटाळला. फौजेतसुद्धा गप्प सेटला एक इवलासा क्षण राखून असायचा, 'मी हाय' एवढंच सांगायला. तेही आलं नाही, की वरचे साहेब बघायला माणूस धाडायचे. आपण राखीव क्षण विसरलो, का माणूस धाडायचं? का आज्याचंच बरोबर होतं? पण मग दोन महिने सगळ्यांची पिकं तरारली, ती कशानं? काही उमगेना.

"रोप वाचंल का?" त्यानं विचारलं.

"मधली पात हिरवी हाय. आज पाणी भेटलं तर."

आजची पाळी त्याचीच होती. त्याचा हरभरा फुलावर होता.

"आठला लाईट आली की मोटार चालू करा. रोपाच्या वाफ्यांची दारं मी धरतो."

"म्हंजी चुकलं ना तुमचं?"

"त्येच कळंना, वहिनी."

ती हसली नाही, पण भराभर निघाली. म्हैस पाय आपटू लागली. रंगनाथ बादली गुडघ्यात धरून उरलेल्या दोन सडांना भिडला.