किती म्हणजे खुर्ची

हे सगळं अगदी असंच घडलं का, हे मला आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर बसणाऱ्या आमच्या मित्रांना हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की घडलेलं कुठलं आणि सांगता सांगता चिकटलेलं कुठलं, हे मलाच कळेनासं झालंय. बरं, एक सांगायला जावं तर त्याचं शेपूट धरून दुसरा हजर! शंका आली की मी बायकोला, सुमनला विचारतो. ती म्हणते, "तुमी सांगताय त्यापेक्षा वाईट झालतं." एक गोष्ट मात्र मी पक्की करून घेतली आहे. ती शेवटी.

मी कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायचो. सुमन कुरुंदवाडची, जन्मभर नर्स. निवृत्तीनंतर ती फ्लॅटमध्ये बसून बसून गप्प होत गेली. कुरुंदवाडची बाई गप्प होणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तेवढ्यात आमच्या चर्चनं आम्हा दोघांना टांझानियातल्या एका खेड्यात मिशनच्या कामाला पाठवायचं ठरवलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचं, तिनं दवाखान्यात बाळंतपणं बघायची. सुमन पुन्हा बोलायला लागली! मी मात्र धास्तीनं स्वाहिलीचं पुस्तक पाठ करत बसलो. तिनं ते उघडलंसुद्धा नाही. म्हणाली, "माणसंच हाईत की तिथं."

*

गेल्या गेल्या पहिलाच बाजार. बसस्टँडच्या कडेला एक बाई टोमॅटोचे ढीग मांडून बसली होती. सुमननं एका ढिगावर बोट ठेवलं आणि सवयीनं विचारलं, "किती?"

बाई उठली, मागच्या दुकानात गेली आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली. सुमन बसली. तिला वाटलं, वयाचा मान दिला. बसून पुन्हा विचारलं, "बरं, पण किती?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी खुर्ची आणली!

मी गार पडलो. पुस्तकातला शब्द आता आठवला. स्वाहिलीत 'किती' म्हणजे खुर्ची! मी सुमनच्या कानात सांगितलं. ती जागची हलली नाही.

"असू दे. कोल्हापुरात जन्मभर भाव विचारला, कुणी बस म्हणालं न्हाई."

तेव्हापासून बाजारात तिचं नाव पडलं 'मामा किती'. मामा म्हणजे तिकडे आई. खुर्चीवाली आई! मला ती थट्टा वाटायची आणि मी खाली मान घालून चालायचो. ती प्रत्येक हाकेला ओ द्यायची.

*

गावात येणाऱ्या बसचा ड्रायव्हर योसेफ. तालमीतून आत्ताच बाहेर पडलाय असं वाटावं, असा गडी. एकदा बस सुटली आणि सुमन मागून धावत ओरडली, "ओ दादा, थांबा की! दादा!"

स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण.

करकचून ब्रेक लागला. अख्खी बस हसत होती. योसेफ जागेवरून उठला. परक्या मुलखात, या वयात, हा माणूस आपल्याला उचलून आपटणार! त्यानं पुढच्या सीटवरच्या बाईच्या खांद्यावरचं कापड घेतलं, डोक्यावर पदरासारखं ओढलं आणि किनऱ्या आवाजात म्हणाला, "या, बसा."

घरी आल्यावर मी तिला नीट समजावलं. दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई. तिनं थोडा विचार केला.

"मग ह्यांच्यात राखी कोण कुणाला बांधायची?"

*

मिशनचे प्रमुख तिथलेच एक पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. उंच, शांत, हसताना कधी न दिसलेले. पाळकाला स्वाहिलीत 'म्चुंगाजी' म्हणतात. सुमनला वाटलं, हे त्यांचं नाव.

"आपल्यातलंच नाव हाय की! तानाजी, संभाजी, चुंगाजी!"

आणि ती त्यांना तोंडावर चुंगाजीराव म्हणायला लागली. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "हे राव काय असतं?" मी म्हणालो, "आदर." ते मान हलवून गेले.

पण गंमत तिथंच संपली. एकदा आम्ही औषधं आणायला जिल्ह्याच्या गावी गेलो. परतीची बस आठला, असं कळलं. आम्ही निवांत फिरलो, जेवलो आणि रात्रीच्या आठची वाट बघत बसलो. बस नाही! तिकडचं घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. त्यांचे आठ म्हणजे आपले दुपारचे दोन. हे पुस्तकाच्या परिशिष्टात होतं. धक्कादायक गोष्ट अशी, की परिशिष्ट मी वाचलं होतं!

चुंगाजीरावांनी आम्हाला शोधायला जीप पाठवली. आम्ही परतल्यावर ते मला म्हणाले, "या वयात तुम्हाला काही झालं, तर तुमच्या चर्चला मी काय सांगू? पुन्हा माणसं पाठवून शोधावं लागलं, तर मी तुम्हाला घरी पाठवीन."

मी सुमनला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. तिथे आल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाली, "मी त्या फ्लॅटात परत न्हाई बसायची."

*

त्यानंतर आम्ही जपून वागायला लागलो. तरी एकदा रस्त्यात पोलिसानं बस थांबवली आणि मला विचारलं, "या बरोबरच्या बाई कोण? लग्न झालंय का तुमचं?"

मी मनात वाक्य जुळवलं, तपासलं आणि म्हणालो. स्वाहिलीत पुरुष लग्न करतो आणि बाईचं लग्न केलं जातं. क्रियापदाची दोन वेगळी रूपं आहेत. मी कर्मणी वापरलं. म्हणजे मी भर रस्त्यात सांगितलं, की या बाईनं मला बायको करून घेतलंय!

पोलिसानं टोपी काढली. दुसऱ्या दोन पोलिसांना बोलावलं आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. आता हे आपल्याला आत टाकणार, आपल्याला शोधायला माणसं निघणार, आणि संपलं! पण ते पोट धरून हसले आणि त्यांनी बस सोडली.

मी सुमनला माझी चूक समजावून सांगितली. तिनं शांतपणे विचारलं, "मग? त्यात खोटं काय हाय?"

*

आणि मग ती बॅग. रक्तदाब मोजायचं यंत्र, कात्र्या, चिमटे, सुमनचं सगळं सामान तिच्यात. स्टँडवरच्या हमालानं ती भलत्याच ट्रकवर चढवली आणि ट्रक निघाला. सुमन ओरडली, "माझी! अवो, माझी!"

स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी.

एकजण बाटली घेऊन धावला. दुसऱ्यानं तांब्या आणला. ती हात झटकून आणखी जोरात, "माझी! गेली की वो माझी!" लोकांना वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. टोमॅटोवालीनं आख्खी बादली तिच्या डोक्यावर ओतली!

मला सगळे शब्द येत होते आणि तोंडातून एकही फुटला नाही. ट्रक दिसेनासा झाला.

बॅग शोधायला चुंगाजीरावांना मोटरसायकलवर माणसं पाठवावी लागली. बॅग मिळाली. ती सुमनच्या हातात देत ते एवढंच म्हणाले, "आता सामान भरा."

*

निघायच्या दिवशी ते स्वतः आम्हाला स्टँडवर सोडायला आले. योसेफच्या बसनं शहर गाठायचं, तिथून विमान. सुमननं ठेवणीतली साडी नेसली होती. कुणाकडे बघत नव्हती. बऱ्याच वेळानं, काहीतरी बोलायचं म्हणून, ती हळूच मला म्हणाली, "अवो, तिकीट किती?"

टोमॅटोवाली उठली.

तिनं खुर्ची आणून सुमनच्या मागे ठेवली. मग मोबाइलवाल्यानं आपली आणली. शिंप्यानं मशीनपुढचं स्टूल उचलून आणलं. न्हाव्यानं तर गिऱ्हाइकाला उठवलं! एक खुर्ची मला, एक चुंगाजीरावांना. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, सुमनकडे पाहिलं आणि बसले. मग सगळेच बसले.

बस आली. योसेफनं हॉर्न दिला. मी बॅगा घेऊन उठलो. माझ्याशिवाय कुणी उठलं नाही. चुंगाजीरावांनी हात किंचित हलवला. निदान मला तसं दिसलं. माशी हाकलली असेल. योसेफनं गिअर टाकला आणि बस निघून गेली!

"साहेब! बस गेली!" मी जवळजवळ किंचाळलो. "आमचं विमान!"

चुंगाजीरावांनी पायावर पाय टाकला. "काही हरकत नाही. दुसरी येईल."

"काय म्हणत्यात?" सुमननं विचारलं.

"दुसरी येईल म्हणतात."

"येऊ दे की," ती म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकली.

चहा आला. ऊन उतरेपर्यंत आम्ही त्या बसची वाट बघितली. मग चुंगाजीरावांनी आमच्या बॅगा उचलून पुन्हा जीपमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सुमन दवाखान्यात गेली. विमानाचा विषय नंतर कुणी काढला नाही.

कोल्हापूरला परत येऊनही आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी योसेफचा व्हिडिओ कॉल आला होता. तो आता बस चालवत नाही. सुमनला पाहताच त्यानं टॉवेल डोक्यावर ओढला. मी त्याला मुद्दाम विचारलं, त्या रस्त्यावरची दुसरी बस किती वाजता असायची?

त्याला प्रश्नच कळेना. मी पुन्हा विचारलं, सावकाश, व्याकरण तपासून. त्या रस्त्याला त्याच्या बसशिवाय दुसरी बस कधीच नव्हती.