प्लगावरची राख

आमच्या परळीत काहीही बिघडलं की पहिलं नाव राखेचं निघतं. खोकला झाला, राख. वाळत घातलेलं धोतर मळलं, राख. टीव्ही नीट दिसेना, तर छत्रीवर राख बसली असेल. औष्णिक केंद्राची राख भरलेले टिप्पर दिवसभर रस्त्याने जात असतात, तेव्हा हा संशय अगदीच खोटा नाही. मीही पक्का परळीकर. दर रविवारी गाडी अंगणात घ्यायची, बॉनेट उघडायचं, हवेच्या फिल्टरचा डबा उचलून काढायचा आणि फिल्टर झटकायचा, हे माझं व्रतच होतं. वैजनाथाचा एखादा सोमवार चुकला असेल, फिल्टरचा रविवार चुकला नाही.

गाडी म्हणजे जुनी, कार्बोरेटरची, डॅशबोर्डावर चोक ओढायची दांडी असलेली. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणलं ते या गाडीतून. तीच मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा महिना लागला होता, डॉक्टर अंबाजोगाईला होते आणि नेमकं तेव्हाच गाडीने नखरे सुरू केले. सकाळी थंड असताना, चोक ओढलेला असेपर्यंत, ठीक चालायची. इंजिन तापलं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की धाप लागल्यासारखी वरखाली व्हायची आणि गप्प बसायची.

एकदा तपासणीला जाताना रेल्वे फाटकात बंद पडली. फाटक उघडलं, मागे हॉर्नचा कल्लोळ, मी चावी फिरवतोय आणि मुलगी पोटावर हात ठेवून बसलेली. शेवटी दोन अनोळखी माणसांनी ढकलून आम्हाला बाजूला काढलं. ही बातमी पुण्याला जावयापर्यंत पोहोचली.

"अप्पा, रविवारी येतो आणि हिला घेऊन जातो," तो फोनवर म्हणाला. "ऐनवेळी गाडी बंद पडली तर काय करायचं?"

लग्नसराई होती, भाड्याची गाडी हाक मारल्याबरोबर मिळेल याची खात्री नव्हती. जावई बरोबर बोलत होता, म्हणूनच मला त्याचा भयंकर राग आला. आईने शिवलेली दुपटी मुलीने कपाटातून काढली आणि पुन्हा बॅगेत भरायला लागली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही तिची इच्छा होती आणि माझ्या खटाऱ्यापायी ती मोडणार होती.

स्टेशनाजवळ माझ्या शाळेतल्या दोस्ताचं गॅरेज आहे. त्याने प्लग काढून माझ्या नाकासमोर धरला. टोक पांढरंफटक.

"बघ बे, राख! पार आतपर्यंत गेली."

मी मान डोलावली. परळीच्या माणसाला आणखी पुरावा कशाला लागतो? त्याने कार्बोरेटर धुतला, फिल्टरला हवा मारली आणि पाय काढल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. जरा बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मी इरेला पेटलो. रविवारचं व्रत रोजचं केलं. रोज डबा उचलायचा, रोज झटकायचं. गाडी रोज जास्तच बिघडत गेली.

शनिवारी सकाळी इंजिन चालू ठेवून मी बॉनेटखाली डोकं घालून उभा होतो. बंद पडू नये म्हणून चोक अर्धा ओढला होता. तेवढं केलं की इंजिन शहाण्यासारखं चालायचं. बायको चहा घेऊन आली आणि थबकली.

"आवं, हे फुस्स कशाचं होतंय? कुकरची रिंग ढिली झाल्यावर येतो तसा आवाज हाय."

"इंजिनात कुकर कुठून आणू?" मी खेकसलो.

ती चहासकट परत गेली. चहा गेल्याचं वाईट वाटलं, पण कान तिथेच राहिले. खरंच, इंजिनाच्या मागच्या बाजूने बारीक फुसफुस येत होती. आणि मग मला चोकचं नवल वाटलं. चोक ओढला की हवा कमी होते. राखेने आधीच हवा कोंडली असती, तर चोक ओढल्यावर गाडी मरायला पाहिजे होती. ही तर सुधारत होती. म्हणजे हवा कमी नव्हती, कुठूनतरी जास्तीची घुसत होती आणि पेट्रोल तिला पुरत नव्हतं.

दोस्ताला फोन केला. चोकचं सगळं सांगितलं.

"पेट्रोल कमी पडलं की प्लग पांढराच पडतो, बे."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"परळीत पांढरं दिसलं की राखच दिसती," तो म्हणाला आणि लगेच निघाला.

कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची बाटली बायकोकडून मागून आणली, अर्थात आधी तिची माफी मागून. भेग असेल तर पाण्याने क्षणभर बुजेल, म्हणून जिथे जिथे रबरी पाइप जोडलेले होते, तिथे दोस्त थोडं थोडं पाणी फवारत गेला. मागच्या एका पाइपावर पाणी पडलं आणि इंजिनाचा सूर बदलला. त्याने तिथे बोट दाबलं. फुसफुस थांबली, धाप थांबली आणि वाढवून ठेवलेल्या रेसमुळे गाडी नुसती भुंकायला लागली. इतका आनंदाचा गोंगाट मी आयुष्यात ऐकला नव्हता.

पाइप काढला तर वाकतो तिथेच चिरलेला. इंजिन त्या चिरेतूनच जास्तीची हवा ओढत होतं. तो पाइप फिल्टरच्या डब्याला बांधलेला होता. मी डबा उचलायचो, तो ताणला जायचा, वाकायचा. राखेच्या भीतीने मीच त्याला रविवारी रविवारी पिळत आलो होतो.

"तुझ्या भक्तीनं मेला त्यो," दोस्त म्हणाला. नवा पाइप बसवून त्याने रेस जागेवर आणली.

रविवारी जावई आला. त्याला शेजारी बसवून धारूरच्या घाटात नेलं, वर चढून थांबलो, इंजिन चालू ठेवून भरपूर गप्पा मारल्या. घरी आल्यावर त्याने स्वतःच बॅगेतली दुपटी काढून कपाटात ठेवली. मी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी मुलीला कळा सुरू झाल्या. ती आणि तिची आई मागे, मी पुढे. फाटक बंद! कोळशाची मालगाडी संपता संपेना. मी पाय काढला आणि कान देऊन बसलो. गाडीचा कुठे हुंकारसुद्धा नाही.

"अप्पा, बंद पडली का?" दोन कळांच्या मधे मुलीने घाबरून विचारलं.

"न्हाई, बाई. चालूच हाय." आणि मला समोरचं काही दिसेनासं झालं.

"डोळे पुसा," बायको मागून म्हणाली, "फाटक उघडलंय."

नात संध्याकाळी झाली. घरी आली ती त्याच गाडीतून.