अकराव्या मजल्यावरची दुरुस्ती

खांब लिफ्टच्या डब्यात आणि भाऊ वर मशीन रूममध्ये, ही वाटणी सहा वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी ठरली. त्यात हुशारीचा काही भाग नव्हता. मशीन रूमचं छत इतकं बुटकं, की खांब तिथे ताठ उभा राहिला की टाळकं छतावर आपटायचं. भाऊ अंगापिंडानं एवढासा, तो तिथे खुशाल वावरायचा. दोघंही परमुलखात लिफ्ट दुरुस्त करायला आलेले, पण एका देशातले नव्हेत. खांब हे नाव भाऊनंच ठेवलेलं. खरं नाव घेताना त्याची जीभ अडखळायची, आणि माणूस तर समोर खांबासारखाच उभा होता. खांबानं मात्र मराठी शिकून घेतली, सुरुवात अर्थातच शिव्यांपासून. भाऊच्या बायकोशी पहिल्यांदा फोनवर बोलताना त्यातलीच एक त्यानं नमस्कार म्हणून वापरली. ती माउली तीन दिवस हसत होती.

दुरुस्ती झाली की लिफ्टची चाचणी घ्यायची. भाऊ वरून एकेक मजला लावणार, दार उघडलं की डबा मजल्याच्या फरशीशी बरोबर लेव्हलला आलाय का, ते खांब वॉकीटॉकीवर सांगणार. काम एवढंच. पण सरळपणे काम करेल तो खांब कसला?

"तिसरा. तुझी बायको उभी आहे. विचारतेय, किराणा आणलास का. लेव्हल ठीक."

"पाचवा. तुझी आई. म्हणतेय, किती वाळलास. लेव्हल ठीक."

वर भाऊचं हसून हसून पोट दुखायचं. प्रत्यक्षात दार उघडायचं ते कुठल्याशा कचेरीच्या रिकाम्या बोळात. कधी एखादा कारकून फायली घेऊन आत पाऊल टाकायचा, वॉकीटॉकीत अगम्य भाषेत बोलणारा हा सहा फुटी माणूस बघायचा आणि मुकाट्यानं जिन्याची वाट धरायचा.

अकरावा मजला तेवढा खांबानं स्वतःसाठी राखून ठेवला होता. "अकरावा. माझं घर. दुरुस्ती चालू आहे. लेव्हल ठीक." ज्या इमारतीला अकरावा मजलाच नसे, तिथे म्हणायचा, माझं घर अजून बांधायचंय. भाऊ त्यालाही हसायचा. त्यामागे काही असेल हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही, कारण त्याचं सगळं चित्त त्याच्या स्वतःच्याच घरी अडकलेलं.

भाऊची लेक चार महिन्यांची असताना तो मागच्या रजेवरून परतला होता. आता तिला चार वर्षं पूर्ण होत आली. मधे दोनदा रजा मंजूर झाली आणि दोनदा ऐन वेळी कुठलं तरी मोठं काम आडवं आलं. व्हिडिओ कॉलवर पोरगी खांबाशी तासन्‌तास बोलायची, त्याच्या वेड्यावाकड्या तोंडांना खिदळायची. फोन बापाकडे आला की आजीच्या पदराआड. आजी म्हणायची, अगं, बाबा आहेत, बोल की. त्यावर पदराआडून प्रश्न यायचा, खांबकाका कुठेय? भाऊ वरवर हसायचा आणि आतून तीळतीळ तुटायचा. येत्या महिन्यात तिची शाळा सुरू होणार होती. पहिल्या दिवशी तिचं बोट धरून शाळेच्या फाटकापर्यंत जायचं, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती.

कंपनीचा नियम असा, की जोडीतल्या एकालाच रजा, आणि या वेळी पाळी खांबाची. दोघांचेही अर्ज बघून फोरमननं हात झटकले. तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाला, संध्याकाळपर्यंत एकच नाव सांगा. खांबाला संध्याकाळ लागलीच नाही. चहात साखर ढवळत तो म्हणाला, "तू जा. माझ्या घराची दुरुस्ती चालू आहे, त्या धुळीत जाऊन मी काय करू?"

भाऊनं विचारलं, नक्की ना? एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तर उत्तर बदलेल, अशी त्याला धास्ती होती.

निघायच्या आधीच्या सुट्टीच्या दुपारी तो खोलीत बॅग भरत होता. खांब खिडकीपाशी पाठमोरा उभा राहून घरी बोलत होता. खांबाची भाषा भाऊच्या जिभेवर कधी बसली नाही, पण सहा वर्षांत कान मात्र तयार झाले होते. खांब बायकोला सांगत होता, की कंपनीनं याही वेळी रजा नाकारली. पोराला आत्ताच सांगू नकोस, परीक्षा होऊ दे. मग त्यानं काहीतरी विनोद केला. पलीकडून हसू आलं नाही. भाऊनं मोज्यांच्या एकाच जोडाची तीन वेळा घडी घातली.

त्याला फोरमनकडे जाता आलं असतं. तिकीट बदलायलाही वेळ होता. पण तो गेला नाही. लाज वाटली, स्वतःचा रागही आला, तरी गेला नाही. त्याला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण आधी जवळजवळ चार वर्षं स्वतःच्या लेकीला उचलून न घेता राहून बघा.

शेवटच्या दिवशी सोळा मजली इमारतीची चाचणी होती. भाऊ म्हणाला, आज मी आत, तू वर. खांबानं डोक्याचं काय म्हणून विचारलं, तर त्यानं स्वतःचं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं.

तिसऱ्यावर भाऊला फोरमन दिसला, खांबाच्या नावानं शंख करणारा. सातव्यावर त्यानं हेल्मेटची चौकशी केली. वरून हसणं आणि पाठोपाठ डोकं आपटल्याचा आवाज आला.

अकराव्याला दार उघडलं. लांबलचक रिकामा बोळ, भिंतीला टेकवलेला पोछा आणि बादली.

"अकरावा," भाऊ म्हणाला. "तुझं घर. दुरुस्ती झालीय, धूळ अजिबात नाही. दारात तुझा पोरगा उभा आहे. परीक्षा झाली म्हणतोय."

वॉकीटॉकी खरखरला. भाऊला सगळं कळलंय, हे वर पोचलं होतं. खांबाचा आवाज आला.

"लेव्हल?"

"ठीक."

"मग थांब तिथंच जरा. बारावा सावकाश लावतो."

भाऊनं दारात पाय दिला आणि ते मिटू दिलं नाही.