चतुर्थीची जास्वंद

कपाट आवरताना फुलं खोचायची काटेरी चकती सापडली आणि धरमपेठेतला सत्तरच्या दशकातला जपानी पुष्परचनेचा वर्ग आठवला. तिथे साहेबांच्या बायका वाकड्या काटकीकडे बघून तत्त्वज्ञ होत. परीक्षेच्या सकाळी मी अंगणातली एकुलती जास्वंद तोडली. अंथरुणाला खिळलेली आई म्हणाली, "आज चतुर्थी आहे वं, गणपतीले काय वाहू?" "मले एकच फूल लागते, आई." "मलेही एकच लागते." मी निघून गेले. परीक्षक म्हणून आलेल्या पाहुण्याबाईंनी फुलाभोवतीच्या रिकाम्या जागेचं तोंडभरून कौतुक केलं. पहिला नंबर आला. परतले तेव्हा उशाशी पूजा आटोपली होती, फुलाऐवजी अक्षता वाहिल्या होत्या. "झाली पूजा," आई भिंतीकडे वळून म्हणाली. पुढची चतुर्थी तिला दिसली नाही. मी देव मानत नाही, पण चतुर्थी मला अजून चुकवता येत नाही.