बाईंची आठ हजार पावलं

देवानं माणसाला पाय दिलेत ते चालायला, मोजायला नव्हे, असं गटिंगवाल्याचं ठाम मत होतं, आणि कुणी विचारो न विचारो, तो ते सांगायचाच. खेळाच्या सामानाच्या दुकानात अगदी मागे, शटलच्या डब्यांच्या आणि शिट्ट्यांच्या खोक्यांच्या आड त्याची जागा. समोर रॅकेट आवळून धरणारं मशीन, हाताशी आर, कात्री आणि नायलॉनच्या तारेची रिळं. एकतीस वर्षं तो बॅडमिंटनच्या रॅकेटींना जाळी विणत, म्हणजे गटिंग करत, आला होता. एखादा गडी यायचा आणि म्हणायचा, "काका, एकदम कडक ताण द्या. टीव्हीवरचे खेळाडू तसाच देतात." त्यावर हा मान वर न करता विचारायचा, "ताण देतो रे, पण मनगट टीव्हीवरचं आणलंयस का?"

नव्या वस्तूंशी तर त्याचं उभं वैर. घामाचा वास घालवणारे मोजे, पाठ ताठ ठेवणारे पट्टे. पाणी प्यायची आठवण करून देणारी बाटली दुकानात आली तेव्हा तो आठवडाभर तिच्यावरच बोलत होता. तहान लागली हे बाटली सांगणार, उद्या भूक लागली हे ताट सांगेल, मग आपण कशाला जन्माला आलो, असं त्याचं म्हणणं. तासभर ऐकून मालकानं शेवटी ती बाटली पुढच्या काचेत नेऊन ठेवली.

बायको मात्र शिस्तीची. जन्म शाळेत खेळ शिकवण्यात गेलेला, त्यामुळे सगळे तिला बाईच म्हणायचे, आणि नवराही तेच म्हणायला लागला होता. निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी गेली, पण नजर काही गेली नाही. रस्त्यात कुणी पोक काढून चाललं की मागून आवाज यायचा, "पाठ." चाळिशी उलटलेले बाप्येसुद्धा पटकन ताठ व्हायचे.

एकुलती एक लेक दोन वर्षांच्या शिक्षणासाठी दूर गेली, आणि जाताना दोघांच्या मनगटांवर पावलं मोजणारी घड्याळं बांधून गेली. तिघांचे आकडे तिघांच्याही फोनवर दिसायचे. पहिल्याच आठवड्यात बाईंची रोजची आठ हजार आणि गटिंगवाल्याची अकरा. आता, कोपऱ्यावर दूध आणायला जाताना जो माणूस दोनदा थांबतो, त्याची अकरा हजार? बाई सरळ दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. बघतात तर काय, हा तार ओढतोय, हात वरखाली होतोय, आणि घड्याळ प्रत्येक झटक्याला पाऊल धरतंय. एका रॅकेटीला चारशे पावलं, बसल्या जागी.

"काढा ते," बाई गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या. "खोटं खेळायचं असेल तर खेळूच नका."

त्या दिवसापासून घड्याळ कामाच्या वेळी खिळ्यावर. लेक फोनवर दोन दिवस हसत होती.

मग बाईंच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून, मग वात म्हणून अंगावर काढलं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून बघितले आणि दोघांना बसायला सांगितलं. सहा महिने, फार तर आठ, असं ते म्हणाले. लेकीची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर होती.

गेल्या वर्षी गटिंगवाल्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, साधं, टाके घालून घरी पाठवण्याजोगं. तर ही पोरगी दोन पेपर टाकून धावत आली. वर्ष वाया गेलं. बाईंनी ते मनाला लावून घेतलं होतं. घरी आल्या, चपला काढल्या आणि पलंगावर बसून म्हणाल्या, "अहो, परीक्षा होईपर्यंत तिला कळता कामा नये. पेपर संपले की मी स्वतः सांगेन. सहा महिने म्हणालेत ना, वेळ आहे."

"आकडे दिसतात की तिला. तू निजून राहिलीस की दुसऱ्या दिवशी दारात उभी राहील."

"म्हणूनच माझं घड्याळ तुम्ही घालायचं. रोज आठ हजार."

गटिंगवाला म्हणाला, "मग सोपंय. मी इथंच तुझ्याजवळ बसतो आणि हात हलवतो. वीस रॅकेटी विणल्यासारखं करायचं, झालं काम."

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याची पाठ आपोआप ताठ झाली. "पोरीशी खोटं बोलायचंच आहे. निदान पावलं तरी खरी असू देत. माझ्या नावावर बसून केलेलं काही नको."

हट्टच होता तो, दुसरं काय. पण चौतीस वर्षांत त्यानं तिचं म्हणणं मोडलं नव्हतं, आणि आता तर मोडायची छातीच नव्हती. दुकानातून तो चारला सुटायचा, शेजारीण बाईंजवळ येऊन बसायची, आणि हा बायकोचं घड्याळ बांधून मैदानाकडे निघायचा. दोघांचे आकडे सारखे दिसले तर पोरीला वास लागेल, म्हणून स्वतःचं घड्याळ खिळ्यावरच. पहिल्या आठवड्यात गुडघे बोलायला लागले. दुकानात पाय टाकला की दहा कंपन्यांच्या बुटांना नावं ठेवणारा हा माणूस, त्यानं मुकाट्यानं मऊ तळव्याचे बूट घेतले.

रविवारी लेकीचा फोन यायचा. चेहरा दाखव म्हटलं की बाई म्हणायच्या, "नको गं, केस रंगवलेले नाहीत."

"बाबा," लेक ओरडायची, "आई आठ हजार आणि तुम्ही सहाशे? काही वाटतं का जिवाला?"

"गुडघा दुखतो गं," तो म्हणायचा, आणि ते शंभर टक्के खरं होतं. पलंगावर बाई तोंडावर हात ठेवून हसायच्या, हसता हसता पोट धरायच्या.

चालून आल्यावर मात्र त्याला हिशोब द्यावा लागायचा. कुठून गेलात, मैदानावर कोण होतं, उंच उडीच्या खड्ड्यात वाळू टाकली का. तो सांगायचा आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. पाण्याच्या टाकीकडून वळलो असं तो म्हणाला की म्हणायच्या, "तिकडून नको, चढ आहे, मला धाप लागते." त्यानं दुसऱ्या दिवसापासून चढ सोडला. घरभर औषधांचा वास होता, पण ती अर्धी घटका दोघं मैदानावर असायचे. त्याला चालायला आवडायला लागलं होतं, आणि त्याची त्याला शरम वाटायची.

सहा महिने कुठले. सातव्या आठवड्यातच बाईंनी अन्न सोडलं. लेकीला बोलावतो, असं तो दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा बाईंनी मान हलवली आणि बोटांनी दिवस दाखवले, इतकेच राहिलेत. त्या दिवशी चार वाजता त्यांचा श्वास त्याला वेगळा वाटला. तो बूट हातात घेऊन उंबऱ्यातच उभा राहिला.

"आज नको जायला," तो स्वतःशीच पुटपुटला.

बाईंनी ऐकलं. डोळे न उघडता त्यांनी हात जरा उचलला आणि दाराकडे केला. जा.

तो गेला. का गेला, हे तो पुढं कितीतरी दिवस स्वतःला विचारत राहिला. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला होता तेव्हा शेजारणीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "या लवकर." एकसष्टाव्या वर्षी तो धावला. जिन्यात तिचं घड्याळ मनगटावर थरथरलं. आठ हजार पावलं झाली होती. वर पोचला तेव्हा शेजारीण दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली. आईचा अर्ध्यावर आलेला देह बघितला आणि ती तिथंच खाली बसली. कुणी काही सांगायची गरजच नव्हती. परीक्षा नऊ दिवसांवर होती आणि ती त्या परीक्षेला बसली नाही. ज्याच्यासाठी एवढं केलं तेही गेलं.

माणसं पांगल्यावर, चौथ्या दिवशी, ती बापासमोर बसली. फोन मधे ठेवला.

"बाबा, हे कोण चालत होतं?"

त्यानं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. शेवटी म्हणाला, "मी म्हटलं होतं तिला, तुझ्याजवळ बसून हात हलवतो. नाही म्हणाली. तेव्हा ऐकायला नको होतं मी. सात आठवडे रोज दीड तास तिला सोडून गेलो गं. शेवटीसुद्धा मी तिथं नव्हतो." आणि मग तो रडला, मोठ्यानं. लेक आता आपल्याला टाकून बोलणार, बोलायलाच हवं, असं त्याला वाटत होतं.

लेकीनं फोन उचलला. त्यावर बोट फिरवत ती मागच्या दिवसांचे आकडे काढत राहिली.

"मी तिकीट काढलं होतं," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात. चार दिवस सुट्टी होती. रविवारी आईचा आवाज बारीक लागला म्हणून." तिनं एक दिवस काढून फोन त्याच्यापुढं केला. "मग सोमवारचे हे आकडे बघितले. आठ हजार सहाशे. म्हटलं, रोजच्यापेक्षा जास्तच चालतेय, हिला काय झालंय. आणि रद्द केलं."

गटिंगवाल्यानं तारीख बघितली. त्या सोमवारी दुपारी बाईंनी कितीतरी दिवसांनी अर्धी वाटी मऊ भात खाल्ला होता, आणि त्या आनंदात तो मैदानाला एक वळसा जास्तीचा घालून आला होता. हे मात्र त्याला लेकीला सांगता आलं नाही.