मिनिस्टरबाईंची फ्लाइट

मिनिस्टरबाई रोज एकाच स्टेशनवर उतरत नसत. राहत लंडनच्या हॅरोला, पण मेट्रोपॉलिटन लाइनने कधी एक स्टेशन आधी उतरत, कधी एक पुढे जात, आणि चालत घरी येत. कधी येणार, हे सांगत नसत. त्यांच्या घरमालकीण शैलाताई, निवृत्त डॉक्टर, म्हणायच्या, "आपल्याकडे मिनिस्टर आला की रस्ते बंद. ही आमची मिनिस्टर गल्लीबोळातून येते, तीही भिजून."

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. बाई पूर्व आफ्रिकेतल्या एका देशातून आल्या होत्या. आधी शिक्षिका, मग खासदार, मग पाणीपुरवठा खात्याच्या उपमंत्री. एका धरणासाठी गावं न विचारता उठवली, तेव्हा त्यांनी संसदेत उभं राहून त्या गावांची नावं वाचली. त्याच आठवड्यात त्यांचा ड्रायव्हर नाहीसा झाला. बाई इंग्लंडला आल्या आणि एका केअर होममध्ये वृद्धांना आंघोळ घालू लागल्या.

मी तेव्हा एका स्थानिक साप्ताहिकात बातमीदार होतो. भेटीची वेळ मागितली की त्या हसत. "आमच्याकडे वेळ सांगून निघालेला माणूस पोचत नाही." मला तो विनोद वाटे.

त्यांच्या देशात निवडणूक जाहीर झाली आणि बाईंनी परत जायचं ठरवलं. उमेदवारी अर्ज स्वतः हजर राहून भरायचा होता. तिकीट शैलाताईंच्या पत्त्यावर आलं.

माणूस दूर निघाला की घोळक्याने विमानतळावर पोचवायला जायचं, ही आपली रीत. शैलाताईंना राहवेना. बाईंना न सांगता त्यांनी माझ्याकडून आमच्या मराठी मंडळाच्या सगळ्या सभासदांना ईमेल पाठवला: शनिवार, हीथ्रो, टर्मिनल, फ्लाइट नंबर, वेळ. "एकटी कशी जाईल रे? निदान चार ओळखीचे चेहरे दिसू देत तिला."

तीसेक जण जमले. हार, पेढे, कॅमेरे. आम्हाला पाहून बाई जागच्या जागी थांबल्या. घोळक्याच्या कडेला कोट घातलेले दोघे उभे होते. मंडळातलं कोणी त्यांना ओळखत नव्हतं. कुणीतरी त्यांच्यापुढेही पेढ्यांचा बॉक्स धरला. त्यांनी एकेक घेतला.

बाईंनी शैलाताईंना मिठी मारली आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हा दिवस मी माझ्या मुलीलाही सांगितला नव्हता."

शैलाताईंनी त्यांचा हात सोडला नाही. आज नका जाऊ, तिकीट बदलू, असं म्हणत राहिल्या. अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. बाई गळ्यातला हार तसाच ठेवून आत गेल्या.

शैलाताईंनी घरी येताच बाईंच्या भावाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी तिकडच्या विमानतळाबाहेर संध्याकाळपर्यंत उभा होता. विमान वेळेवर उतरलं आणि बाई त्यातून उतरल्या, असं एअरलाइनने सांगितलं. अशी कोणी व्यक्ती देशात आलीच नाही, असं तिथल्या सरकारने कळवलं. सोमवारी बाईंच्या मतदारसंघातून सत्ताधारी पक्षाचा उमेदवार बिनविरोध निवडून आला.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी शैलाताईंनी मला विचारलं, "त्या मेलमध्ये फ्लाइट नंबर चुकला असता तर रे?"

तो चुकला नव्हता. पाठवण्याआधी मी तिकिटावरून दोनदा तपासला होता.