दस्ताच्या आदल्या दिवशी

नोकरी सोडून मला काही काळ झाला, तरी चंदगड तालुक्यातलं ते बेपत्ता प्रकरण अजून मनातून जात नाही. मी तेव्हा नवीन उपनिरीक्षक होते. ठाण्यात आलेल्या माणसांशी आमचे हवालदारच जास्त बोलत. मी बहुधा ऐकत असे.

सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. एक जवान सीमेवरच्या बर्फातल्या चौकीवरून बोलत होता. आवाज तुटत होता.

"मॅडम, माझी आई कालपासनं घरात न्हाय. शेजारी म्हणत्यात, दाराला कुलूप हाय. उद्या आमच्या काजूबागेच्या इक्रीचा दस्त हाय."

वडील वारल्यावर बाग आईच्या नावावर झाली होती. मजुरी, खत, काजूबियांचा दर, सगळं हा फोनवरून ठरवायचा. बागेला गिऱ्हाईकही त्यानंच शोधलं होतं. बाग विकून आईसाठी कोल्हापुरात, दवाखान्याजवळ फ्लॅट घ्यायचा त्याचा बेत होता.

"कसबा बावड्याच्या आमच्या दाजींचा डोळा हाय बागेवर. त्यांनीच नेलं असणार. आईचा अंगठा घेतील, मॅडम. न्हायतर..."

परत फोन कधी लागेल, हे त्याला सांगता येत नव्हतं.

बेपत्ता नोंद करून आम्ही घर गाठलं. शेजारच्या काकूंकडे दुसरी किल्ली होती. जवानाच्या आईचा, म्हणजे त्या आजींचा, मोबाईल उशाखाली सापडला. दांडीवरच्या प्रत्येक लुगड्यावर तपकिरी डाग होते. मला वेगळीच शंका आली आणि मी एक लुगडं उजेडात धरलं.

"रगत न्हाय ते, बाईसाब," काकू म्हणाल्या. "काजूच्या बोंडाचा डाग हाय. लुगडं फाटंल, पर डाग जायचा न्हाय."

मग बागेतली विहीर. गावकऱ्यांनी गळ टाकला. दर वेळी दोर ताणला की काठावरची माणसं पुढे वाकत. दोनदा फांद्या निघाल्या, एकदा जुनी बादली. मी काठावर उभी होते आणि जवानाचा फोन त्या घडीला येऊ नये, एवढंच मनात म्हणत होते.

दाजींना ठाण्यात बोलावलं. बावड्यात त्यांची पिठाची गिरणी. दुपारच्या एसटीनं आले.

"सासूबाई कुठं हाईत?" हवालदारांनी विचारलं.

"मला काय म्हाईत? खिशात घालून फिरतोय व्हय मी?"

"मग खिसा दावा की, पावणं."

दाजी चिडले, बागेत आपल्याला रस नाही म्हणाले, मेव्हण्याला चार शिव्या घातल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. विहिरीत गळ टाकल्याचं हवालदारांनी मुद्दाम सांगितलं, तरी काय सापडलं हे त्यांनी विचारलं नाही. ज्याचं घरचं माणूस हरवलंय, तो आधी तेच विचारतो. म्हातारी जिवंत आहे हे यांना ठाऊक होतं. दाजींना बसवून ठेवलं, तिथल्या ठाण्याला कळवलं आणि आम्ही बावड्याला निघालो.

दाजींच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. "आई हितं न्हाय." पण मागच्या दोरीवर लुगडं वाळत होतं, तपकिरी डागांचं. मी नुसतं बोट केलं. तिनं दार पूर्ण उघडलं.

आजी आतल्या खोलीत लसूण सोलत बसल्या होत्या. मला हायसं वाटलं आणि रागही आला.

"मला कुणी पळवलं न्हाय, पोरी. मीच आलोय. जावयाला शपथ घातली, सांगू नको म्हणून. मला बाग इकायची न्हाय."

"मग मुलाला सांगायचं ना, आजी!"

"फोनवर? आमच्यात फौजेतल्या माणसाला फोनवर वाईट सांगत न्हाईत. मालकबी फौजेत हुते, सासूनं तेच शिकवलं. सगळं बरं हाय, तुझ्या मनासारखं कर, एवढंच म्हणायचं. तो तिकडं डोक्यात राख घालून पहाऱ्याला गेला आणि काय झालं तर? तूबी सांग, आजारी पडून लेकीकडं आली हुती म्हणून."

"जबाबात खोटं लिहिता येत नाही मला."

आमची गाडी निघायच्या आत जवानाचा फोन आला. आई सापडली, सुखरूप आहे, एवढं सांगून मी फोन स्पीकरवर टाकून आजींच्या हातात दिला. पलीकडून रडू आवरल्याचा आवाज आला. आजींनी सवयीनं "बरं हाय" म्हटलं आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

"बाळा, मीच आलोय हितं. मला अंगठा द्यायचा न्हाय."

"आये, दर बारीला इचारलं की तुला! हो म्हणालीस."

"मग काय म्हणू? तू तिथं बंदूक घेऊन हुभा."



"दस्त थांबवतो," तो शेवटी म्हणाला. "आता खरं सांग. बाग कशी हाय?"

आजींनी लेकीचा हात धरला. "ओढ्याकडची झाडं वणव्यात गेल्यात, बाळा. गेल्या उन्हाळ्यात."

त्या झाडांच्या खताचे पैसे तो अजूनही पाठवत होता. तो एकेक विचारत राहिला आणि त्या सांगत राहिल्या. मी बाहेर येऊन दाजींना सोडायला ठाण्यात कळवलं.

'आजी मिळून आल्या', असं लिहून मी तपास बंद केला. बागेचं पुढे काय झालं, ते त्यांच्या घरात ठरलं असेल. त्या जवानानं आईला फसवलं नव्हतं, विचारलंही होतं. पण ज्याला 'नाही' म्हणायची सोयच नाही, अशा माणसाचा होकार पुन्हा एकट्यात विचारून घेतल्याशिवाय मी नंतर कधीही जबाबात उतरवला नाही.